शेवटच्या कडव्यातले नाव

मराठी मुलखात गावोगाव गाजलेल्या गाण्यांपैकी जी फसलेल्या प्रेमाविषयी आहेत, त्यांतील बहुतेकांत बोलणारी बाई असते आणि तिचे बोलणे रचणारा पुरुष असतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की ऐकणाऱ्याला ती खटकत नाही. सजण परमुलखी गेला आणि परतला नाही, शब्द देऊन फिरला, दुसरीच्या नादी लागला, असे काही घडले की लावणीतली नायिका सखीला हाक मारून आपली व्यथा सांगू लागते. तिची रात्र सरत नाही, तिला शिणगार नकोसा होतो, घरचे आणि दारचे बोलतील ते तिला सोसावे लागते. आणि हे सगळे सांगून झाल्यावर शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफून मोकळा होतो. कवितेत अशा रीतीने गुंफलेल्या कवीच्या नावाला नाममुद्रा म्हणतात. संतांच्या अभंगातही ती असते, परंतु तेथे आळवणी ज्याची, नावही त्याचेच असते. विरहाच्या लावणीत मात्र दुःख एकीचे आणि नाव दुसऱ्याचे अशी वाटणी होते, आणि मराठी ग्रामीण गाण्यात प्रेम मोडते तेव्हा नक्की कोण बोलत असते, हा प्रश्न या वाटणीतूनच उभा राहतो.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी भोर तालुक्यातील किकवीसारखे गाव सोयीचे आहे. पुणे-सातारा महामार्गावर कापूरव्होळ मागे पडले की किकवी लागते आणि तेथून पुढे सारोळ्याजवळ नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्ह्यातील शिरवळ येते. हा सारा टापू एकेकाळी पंतसचिवांच्या भोर संस्थानाच्या छायेतला. या हमरस्त्याच्या दोन टोकांकडे गाजलेल्या गाण्यांची दोन मोठी ठाणी आहेत: उत्तरेला पुणे ओलांडून नारायणगाव, जेथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन आपल्या जत्रेसाठी फडाला सुपारी देतात, आणि दक्षिणेला वाई, जेथे बैठकीच्या लावणीची परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जिवंत होती. पश्चिमेला मात्र रस्ते अरुंद होत जातात आणि भोरचे डोंगर व आता राजगड तालुका म्हणून ओळखला जाणारा वेल्ह्याचा मुलूख सुरू होतो. तेथे भाताची खाचरे, नाचणीचे उतार आणि घराघरांत कोपऱ्यात रोवलेली जाती. जत्रेच्या रात्री रस्त्याने येणारे गाणे आणि पहाटेच्या अंधारात घरात उमटणारे गाणे, अशी दोन्ही गाणी या टापूतील बायकांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेली आहेत, आणि दोहोंचा विषय पुष्कळदा एकच असतो.

विषयाला धरून असलेले शब्द आधी पाहणे बरे, कारण त्यांतच अर्धी हकीकत आहे. ‘प्रेमभंग’ हा पुस्तकी शब्द. गावच्या बोलण्यात तो येत नाही. तेथे पुरुषाचे मन ‘उडते’ किंवा ‘भरते’, बाई ‘भुलते’ आणि ‘फसते’. लग्नानंतर बिनसले तर नवरा बायकोला ‘नांदवत नाही’, तिला ‘माहेरी घालवतो’, आणि कायमचे घालवले तर ती ‘टाकलेली’ ठरते. अनेक जातींत पंचांसमक्ष गवताची काडी मोडून संबंध संपवण्याची रीत होती, म्हणून ‘काडीमोड’. लिहून दिले तर ‘सोडचिठ्ठी’. आणि त्यानंतर बाईने दुसरे घर केले तर त्याला लग्न न म्हणता ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ म्हणत. १९८०च्या दशकात स्त्रियांच्या चळवळीने ‘टाकलेली’ऐवजी ‘परित्यक्ता’ हा शब्द रूढ केला, पण त्याचाही अर्थ तोच. यांतील बहुतेक क्रियापदांत कर्ता पुरुष आहे आणि बाई कर्म आहे: ती सोडली जाते, टाकली जाते, नांदवली जाते. ज्या भाषेत मोडलेल्या प्रेमाचे शब्दच असे आहेत, त्या भाषेतील गाण्याने बाईच्या तोंडी कर्तेपणाने बोलण्याची जागा ठेवली, ही लावणीची खरी करामत आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही.

ही जागा कशी तयार झाली हे समजून घेण्यासाठी पेशवाईच्या उत्तरार्धाकडे जावे लागते. अनंत फंदी, रामजोशी, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ आणि होनाजी हे लावणीचे थोर शाहीर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात होऊन गेले. मराठी फौजांचे वर्ष तेव्हा दोन भागांत विभागलेले असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडी परतायचे. १७६१ साली पानिपतावर गेलेले पुष्कळ परतलेच नाहीत. घरोघरी वाट पाहणाऱ्या तरण्या बायका, छावणीत दूरच्या घराची ओढ लागलेले शिपाई आणि पुण्यात पैसा व रसिकता दोन्ही असलेले आश्रयदाते, अशा तीन गोष्टी एकत्र आल्यावर ताटातुटीचे गाणे लोकप्रिय होणारच होते. पुण्यातील मैफलींतून आणि छावण्यांतून पसरलेल्या या लावण्यांत ताटातूट हाच विषय असलेल्या रचनांना ‘बालेघाटी’ असे वेगळे नावच पडले. छक्कड ही चटकदार, चपळ लावणी. चौकाची लावणी म्हणजे कडव्यांचे मोठे बंध असलेली, चालीत पालट करणारी दीर्घ रचना. आणि बालेघाटी म्हणजे संथ लयीत, दुःख घोळवत जाणारी. एखाद्या गायनप्रकाराने विरहासाठी स्वतंत्र घर बांधावे, यावरून श्रोत्यांना त्या भावनेची किती ओढ होती हे लक्षात येते.

हे शाहीर कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. रामजोशी सोलापूरच्या ब्राह्मण घरातला. सगनभाऊ मुसलमान, मूळचा किकवीहून फार दूर नसलेल्या जेजुरीचा, हत्यारांना धार लावणारा शिकलगार. होनाजी शिलारखाने गवळी, आणि त्याची कवने गाणारा बाळा करंजकर शिंपी. जातींची अशी सरमिसळ त्या काळात इतरत्र क्वचितच दिसे. मात्र या यादीत बाई नाही, आणि रंगमंचावरही ती नव्हती. तमाशात बाईचे सोंग ‘नाच्या पोऱ्या’ म्हणजे लुगडे नेसलेला कोवळा मुलगा घेई. स्त्रिया फडात सर्रास उभ्या राहू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे. म्हणजे सुरुवातीची कित्येक दशके फसलेल्या बाईचे दुःख पुरुषाने लिहिले, पुरुषाने गायिले, मुलाने नाचून दाखवले आणि बहुतांशी पुरुषांनी ऐकले. तरीही त्या गाण्यांत बाईच्या मनाचे बारकावे खरे वाटतात, याचे श्रेय शाहिरांच्या निरीक्षणाला द्यायला हवे. पण निरीक्षण आणि भोग यांत अंतर राहतेच, आणि ते अंतर कोठे राहते हे ओवीपाशी आल्यावर स्पष्ट होते.

स्त्रिया गाऊ लागल्यावर लावणीचे दोन मार्ग झाले. एक ढोलकीचा फड, ज्यात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग म्हणजे कथानाट्य असा क्रम असतो, मागे उभे राहून सुरत्ये झील धरतात म्हणजे चढ्या सुरात ओळ उचलून लांबवतात, आणि ढोलकी, हलगी, तुणतुणे व कडे यांचा नाद उघड्या मैदानात दूरवर जातो. दुसरा संगीत बारीचा, ज्यात गायिकांचा ताफा थिएटरात मोजक्या श्रोत्यांसमोर गातो. पुण्याचे आर्यभूषण थिएटर आणि दौंड तालुक्यातील चौफुला ही अशी ठिकाणे. बारीच्या आतली शांत बाजू म्हणजे बैठकीची लावणी. होनाजीने लावणीला रागदारीची बैठक दिली आणि ढोलकीऐवजी तबला आणला असे मानले जाते, आणि त्याच वाटेवर ही बैठक पुढे गेली. साथीला तबला, पेटी, क्वचित सारंगी. गायिका उभी राहत नाही. मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसते, पदर सावरते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा ती ओळ नुसती सांगितल्यासारखी येते. दुसऱ्यांदा त्याच शब्दांवर भुवई चढते आणि तक्रारीचा राग होतो. तिसऱ्यांदा नजर दाराकडे जाते, जणू कोणी येणार आहे. चौथ्यांदा ती नजर खाली येते आणि बोटे पदराच्या काठाशी खेळू लागतात. या हावभावांच्या कामाला ‘अदा’ म्हणतात. शाहिराने लिहिलेली ओळ एकच असते, पण तिचे चार-पाच अर्थ बाई आपल्या अंगाने निर्माण करते, आणि त्यांतला एखादा शाहिराच्या मनातही आलेला नसतो. पुरुषाने लिहिलेल्या दुःखावर बाईने हक्क सांगितला तो प्रथम येथे, शब्दांना धक्का न लावता.

वाईच्या यमुनाबाई वाईकर या अशा अदाकारीच्या अखेरच्या थोर गायिकांपैकी होत्या. १९१५ साली कोल्हाटी समाजात जन्मलेल्या यमुनाबाई लहानपणी पोटासाठी खेळ करत, गात वाढल्या, आणि पुढे त्यांना १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली वयाच्या १०२व्या वर्षी त्या निवर्तल्या. त्यांच्या समाजातील पायाला चाळ बांधणाऱ्या बाईला चारचौघींसारखे लग्न करता येत नसे. ज्याच्या आश्रयाला ती राही तो तिचा ‘मालक’ म्हणवला जाई, आणि त्याने पाठ फिरवली तर तिला दाद मागण्याची सोय नव्हती. म्हणून विरहाची लावणी गाणाऱ्या या बायका एका अर्थाने स्वतःच्या धोक्याचेच गाणे रोज गात होत्या. श्रोते त्यावर दौलतजादा करीत, म्हणजे गाण्याच्या मध्येच पैसे देऊन दाद देत.

हा प्रकार केवळ मराठीत आहे असे नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ, गरीब शेतकरी वस्तीतून जे गाणे निपजले त्याला तेथे ‘कंट्री’ म्हणजे गावाकडचे संगीत म्हणतात, आणि मोडलेले प्रेम हा त्याचाही हुकमी विषय आहे. १९२७ साली टेनेसी राज्यातील ब्रिस्टल गावी एका ध्वनिमुद्रण कंपनीने आसपासच्या गायकांना बोलावून त्यांची गाणी मुद्रित केली, तेव्हा कार्टर कुटुंब प्रथम जगापुढे आले. त्या कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरांतून हिंडून लोकांची जुनी गाणी गोळा करी आणि ती स्वतःच्या नावावर नोंदवी. गळा मात्र त्याची बायको सारा हिचा असे. पुढे सारा त्याला सोडून गेली, तरी काही वर्षे ते एकत्र गात राहिले. पंचवीस वर्षांनंतर, १९५२ साली, हँक थॉम्पसन या गायकाच्या एका गाण्यात सोडून गेलेल्या बायकोला दूषण दिलेले होते. त्याला उत्तर म्हणून किटी वेल्स हिने गाणे म्हटले की बाई बिघडते त्यात पुरुषांचा वाटा असतो. ते गाणे काही नभोवाणी केंद्रांनी वाजवायचे नाकारले, तरी कंट्री गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोचणारी ती पहिली एकल गायिका ठरली. मराठी वाचकाला यात कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबाची आठवण होईल. कलगीवाल्यांनी सवाल टाकायचा आणि तुरेवाल्यांनी त्याच चालीत तोड द्यायची. पण किटी वेल्सचे ते उत्तरही जे. डी. मिलर या पुरुषाने लिहिलेले होते. साता समुद्रापलीकडेही शेवटच्या कडव्यातले नाव पुरुषाचेच निघावे, हे विचार करायला लावणारे आहे.

मराठीत गाणे आणि आयुष्य यांची सर्वांत दाट गुंतागुंत झाली ती पठ्ठे बापूरावांच्या ठायी. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. १८६६ साली रेठरे हरणाक्ष येथे कुलकर्णी वतनदाराच्या घरात त्यांचा जन्म झाला. घर, वतन आणि जात यांवर पाणी सोडून त्यांनी तमाशाचा फड जवळ केला. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा येथील महार समाजातील पवळा ही गायिका-नर्तकी त्यांच्या फडात आली, आणि बापूरावांचे शब्द व पवळेचा गळा या जोडीने मुंबईपासून गावच्या जत्रांपर्यंत सगळीकडे नाव मिळवले. तेव्हाच्या समाजाला हे नाते पचणारे नव्हते आणि ते टिकलेही नाही. दोघे वेगळे झाले, पवळा १९३९ साली वारली आणि बापूराव १९४५ साली पुण्यात हलाखीत गेले. बापूरावांनी रचलेल्या लावण्या आज पुस्तकांत आहेत, त्यांच्यावर १९५० साली चित्रपट निघाला, त्यांच्या नावाचे उत्सव होतात. पवळेची बाजू सांगणारी एकही रचना तिच्या नावाने उरलेली नाही. ती गात असे तेव्हा लोक तिच्यासाठी येत, हे सर्व जुने साक्षीदार सांगतात; पण गाण्याच्या शेवटी मुद्रा बापूरावांची असे, आणि कागदावर मुद्राच टिकली.

बोलपटांनी हे गाणे तंबूतून चित्रगृहात नेले. १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’पासून तमाशापटांची लाट सुरू झाली, आणि १९५१ सालच्या ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटात वसंत देसाई यांच्या संगीतात सुलोचना चव्हाण यांनी पहिली लावणी गायिली. पुढची चार दशके मराठी लावणीचा आवाज म्हणजे त्यांचा आवाज असे समीकरण राहिले. आचार्य अत्रे यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले. डोक्यावर पदर घेऊन, जागेवरून न हलता, केवळ शब्दफेकीवर त्या लावणी उभी करीत, म्हणजे बैठकीतली अदा त्यांनी सगळी गळ्यात आणली. त्यांची ती पहिली लावणी पडद्यावर ज्यांच्यावर चित्रित झाली त्या हंसा वाडकर यांची गोष्ट या विषयाला फार जवळची आहे. अनंत माने यांच्या १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटात त्यांनी तमासगिरिणीची भूमिका केली आणि तो पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात सुमारे अडीच वर्षे चालला. त्या नावाच्या बोलण्यातच बाईने पुढे होऊन बोलण्याची ऐट आहे. अकरा वर्षांनी, १९७० साली, हंसाबाईंनी तेच नाव आपल्या आत्मकथनाला दिले आणि त्यात आपल्या लग्नाची, फसलेल्या नात्यांची, व्यसनाची आणि एकटेपणाची हकीकत आडपडदा न ठेवता सांगितली. शब्दांकन अरुण साधू यांनी केले असले तरी पुस्तकावर नाव हंसाबाईंचे आहे आणि त्यातील ‘मी’ही त्यांचाच आहे. लावणीतली नायिका नटून-थटून जे कधी सांगू शकली नाही, ते तिची भूमिका करणाऱ्या बाईने गद्यात सांगितले.

१९७२ साली व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला तेव्हा मात्र बाजू फिरली. जर्मन कादंबरीकार हाइन्रिश मान यांच्या कथेवरून १९३० साली निघालेल्या ‘द ब्लू एंजल’ या चित्रपटाचा गाभा घेऊन ती गोष्ट मराठी गावात रुजवली होती: तमाशाला गावाबाहेर काढू पाहणारे ध्येयवादी गुरुजी त्याच तमाशातल्या चंद्रकलेच्या ओढीत सापडतात, गाव त्यांना मेलेले समजून त्यांचा पुतळा उभारते, आणि जिवंत गुरुजी ओळख लपवून फडात पडेल ते काम करीत राहतात. राम कदम यांच्या संगीतातील बहुतेक लावण्या उषा मंगेशकर यांच्या आवाजात आहेत आणि त्या आजही जत्रांत वाजतात. परंतु प्रेमाने आयुष्य मोडल्याचे सर्वांत करुण गाणे तेथे पुरुषाच्या आवाजात आहे. नशिबाला बोल लावणारे ते गाणे लिहिले जगदीश खेबुडकर यांनी, आणि खेबुडकर स्वतः पेशाने शाळामास्तर होते. कोसळलेल्या मास्तराचे दुःख एका मास्तराने लिहावे आणि ते महाराष्ट्रभर दुमदुमावे, यात अनुभव आणि शब्द यांच्यातील अंतर जवळजवळ मिटते. त्याच चित्रपटातील चंद्रकलेच्या तोंडी मात्र भुलवण्याची, चिडवण्याची गाणी अधिक आहेत. तिचे प्रेम खरे झाले आणि ते हातचे गेले, त्या वेळी तिला गाणे मिळत नाही, शेवटी तर तिची वाचाच जाते. कथेची गरज म्हणून हे समजण्यासारखे आहे, तरी ती उणीव जाणवते.

रस्त्याने येणाऱ्या गाण्यात जी जागा रिकामी राहते, ती घरातल्या गाण्याने भरलेली आहे. जात्यावरची ओवी हे मराठी बाईचे स्वतःचे गाणे. रचणारी, गाणारी आणि ऐकणारी सगळ्या बायकाच. जात्याच्या दोन तळ्या असतात, खालची स्थिर आणि वरची फिरती. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो, आणि मधल्या तोंडात मूठ मूठ दाणे वैरायचे असतात. पहाटे घर उठायच्या आत दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचे हात एकमेकींच्या हाताला लागून असतात, जाते जड फिरू लागते आणि घरघर एकसारखी झाली की एकीच्या तोंडून पहिली ओळ येते. दुसरी ओळ दुसरी उचलते. ओळींच्या मध्ये ‘बाई’, ‘ग’, ‘सांगते तुला’ असे शब्द घालून वेढ्याची लय सांभाळली जाते. चालीला या बायका ‘गळा’ म्हणतात, आणि एका गावचा गळा दुसऱ्या गावच्या गळ्यापेक्षा वेगळा असतो. दिवसा सासू-सासऱ्यांपुढे जे बोलता येत नाही ते येथे बोलता येते, कारण ते जात्याला सांगितले जाते आणि जात्याच्या आवाजात अर्धे बुडते. जात्याला त्या देव मानतात, त्यामुळे त्याच्यापाशी खोटे बोलण्याचे कारण उरत नाही.

ओवीतील मोडलेल्या प्रेमाची भाषा लावणीहून अगदी निराळी आहे. तेथे शेज, विडा, गुलाबदाणी यांचे नावही नसते. नवऱ्याने सवत आणली, तो मुंबईला गिरणीत गेला आणि त्याचे पत्र आले नाही, तो दारू पिऊन आला, भावाने माहेरी ठेवून घेतले पण भावजयीच्या डोळ्यांत ते सलले, अशा गोष्टी दोन ओळींत येतात आणि संपतात. पुढची ओवी लगेच पावसावर किंवा लेकरावर जाते. दुःख घोळवायला वेळ नसतो, कारण दळण सरले की पाणी भरायचे असते. आणि जेव्हा ते उघड बोलणे नकोसे होते तेव्हा सीता मदतीला येते. रामाने सीतेला वनात धाडले, ती दिवस गेलेली असताना धाडले, तिची बाजू कोणी विचारली नाही, हा प्रसंग महाराष्ट्रभरच्या ओव्यांत पुन्हा पुन्हा येतो, आणि गाणाऱ्या बायका रामाचे देवपण मान्य करूनही न्याय सीतेच्या पदरात टाकतात. तारा भवाळकर यांनी लोकगीतांतील या सीतेचा कळकळीने अभ्यास केला आहे. रखुमाईही अशीच, ती रुसून दिंडीरवनात गेली, आणि पंढरपुरात आजही तिचे देऊळ विठ्ठलापासून वेगळे आहे. घराघरांतल्या अबोल्याला या बायकांनी पंढरीतच दाखला शोधला.

ओव्या जमवण्याचे काम साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये केले, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत केले, परंतु गाणारीचे नाव जपण्याच्या दृष्टीने हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचे काम वेगळे ठरते. पुण्यातील सामाजिक संशोधनाच्या केंद्रातून, मुळशी-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागातील कष्टकऱ्यांच्या संघटनेचे काम करता करता त्यांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि तो संग्रह वाढत वाढत हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत पोचला. ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे दप्तर २०१७ पासून तो टप्प्याटप्प्याने लोकांपुढे मांडत आहे. या संग्रहात प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असते. ओवीच्या आत नाममुद्रा नसते. बाईला आपले नाव गुंफण्याची गरज वाटली नव्हती, कारण ऐकणारी समोरच बसलेली होती. ते नाव बाहेरून जोडले गेले, आणि मोडलेल्या संसाराच्या दोन ओळींपाशी त्या ज्या बाईच्या आहेत तिचेच नाव प्रथम लिहिले गेले. लावणीच्या शेवटच्या कडव्यात जे दोनशे वर्षांत घडले नाही ते एका नोंदवहीत घडले.

विजेची गिरणी आल्यापासून पहाटेचे दळण थांबले आहे आणि त्याबरोबर ओवीचे रोजचे निमित्तही गेले आहे. जत्रेतल्या फडापुढेही आता ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि चित्रपटगीते उभी आहेत. नागराज मंजुळे यांच्या २०१६च्या ‘सैराट’ची गाणी गावोगाव वाजली, पण ती सगळी प्रेम फुलतानाची आहेत, प्रेमाची परीक्षा सुरू झाल्यावर त्या चित्रपटात गाणे नाही, आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच नाही.

जाते मात्र घरातून गेलेले नाही. लग्न ठरले की ते कोपऱ्यातून बाहेर काढले जाते, धुतले जाते, त्याला हळदकुंकू लागते, खुंट्याला आंब्याचा टहाळा बांधतात आणि हळकुंडे वैरून नवरदेवाची किंवा नवरीची हळद त्यावर दळतात. खुंट्याला हात लावण्याचा मान पाच सुवासिनींचा. ओव्या मात्र पुष्कळदा त्यांच्यापैकी कोणाला येत नाहीत, आणि मग मांडवाच्या कडेला बसलेल्या एखाद्या म्हातारीला म्हणायला सांगतात. नवऱ्याने तरुणपणीच टाकलेली ती म्हातारी जात्याला शिवत नाही. बसल्या जागेवरून गळा लावते, आणि पाचजणी तिच्या लयीवर जाते फिरवतात.